'शांत' या शब्दाचं भाषांतर

एसटीत समोरच्या सीटवरच्या माणसाची मान एकदा झटकली की मी अजूनही मनात 'एक' म्हणते. पुन्हा झटकली की 'दोन'. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ही सवय सुटत नाही. सून म्हणते, आई, लोकांकडे असं टक लावून बघत जाऊ नका, बरं दिसत नाही. तिचं बरोबर आहे. पण नोकरीची शेवटची आठ वर्षं मी लोकांकडे टक लावून बघण्याचाच पगार घेतला, त्याला काय करणार?

दिवाळी अंकासाठी लिहायचं तर काहीतरी गोड लिहावं, एवढं मलाही कळतं. माझ्याजवळ गोड थोडंच आहे. ते आधी देते आणि मोकळी होते.

मी मूळची वैद्यकीय समाजसेविका. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मेंदूविकाराच्या खाजगी दवाखान्याच्या हिंगोलीत दोन खोल्या होत्या. खाली प्लायवूडचं दुकान, वर आम्ही. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे, बाकीचे दिवस त्या खोल्यांची मालकीण मीच. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासून बघावं लागतं, तशा चाचण्या तिथे चालत. माझं पद 'अभ्यास समन्वयक'. गावाकडची माणसं मला 'गोळीवाली बाई' म्हणत, आणि माझ्या मते तेच पद जास्त खरं होतं.

आमची गोळी टिकच्या आजारावर होती. टिक म्हणजे मनात नसताना डोळा मिचकावला जाणं, मान झटकणं, खांदा उडणं, घशातून आवाज निघणं. शिंक येते तसं ते आतून येतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, पण मग दुपटीनं बाहेर पडतं. घोळ होतो तो इथेच. पाहुण्यांसमोर पोरगं तासभर गप बसतं आणि पाहुणे उंबऱ्याबाहेर पडले की मान झटकायला लागतं. मग घरचे म्हणतात, पाहुण्यापुढं जमतं, आमच्यापुढं काहून जमत न्हाई? या एका प्रश्नापायी आपल्या जिल्ह्यात किती लेकरांनी मार खाल्ला असेल, ते त्या लेकरांनाच ठाऊक.

वरून आलेल्या छापील मराठी फॉर्मवर टिकला 'अनैच्छिक आकस्मिक हालचाली' असं नाव होतं. नरसीच्या एका बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हे भूकंपाचं हाय का?" आपल्याकडे जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात, तेव्हा बाबांचं काही चुकलं नव्हतं. मी भांडून त्या जागी 'खोड' हा शब्द घालून घेतला. औषध कंपनीच्या लोकांनी तीन महिने पत्रं लिहिली आणि शेवटी ऐकलं. माझ्या मराठीचा मला तेव्हा गर्व होता. लोकांच्या तोंडचा शब्द मला कळतो, असं मी प्रशिक्षणाला आलेल्या मुलींना छाती काढून सांगायची.

काम असं चाले. पेशंटला आतल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर बसवायचं आणि आपण बाहेर निघून जायचं. माणूस समोर असला की पेशंट दाबून धरतो, म्हणून खोलीत कोणी थांबायचं नाही. दहा मिनिटांनी परत यायचं, मग चित्रण लावून किती वेळा मान झटकली, किती वेळा आवाज निघाला, ते मोजायचं. एकदा नाही, दोनदा. अर्ध्या पेशंटना खरी गोळी असे, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी. कोणाला कोणती ते मला माहीत नसे, डॉक्टरांना नसे, पेशंटलाही नसे. ते पाकिटात बंद असे. कारण आपण खरी गोळी देतोय हे कळलं की मोजणाऱ्याचा डोळासुद्धा बेईमान होतो.

कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला आमच्याकडे होता. त्याचा उजवा डोळा मिचकायचा. वाशिमकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याची बायको जेवायला बसली होती, हा भाकरी वाढताना दोनदा डोळा मिचकावून बसला आणि ट्रकवाल्यानं त्याला त्याच्याच तव्याजवळ आडवा केला. आमच्याकडे आला तेव्हा दोन दात नव्हते. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याचा डोळा थांबला. "बाई, गोळी येकदम बराबर हाय," म्हणून तो माझ्यासाठी पिठलं घेऊन यायचा. अभ्यास संपला, पाकीट उघडलं, तर त्याला चार महिने खोटीच गोळी होती. मी सांगितलं तर माझ्यावरच चिडला. "मंग डोळा कोन थांबवला, तुमी?" महिन्याभरात त्याचा डोळा पुन्हा मिचकू लागला. मी त्याला खरं सांगितलंच नसतं तर, असं कधी कधी मनात येतं.

गोड होतं ते एवढंच.

अश्विनी हट्ट्याजवळच्या एका गावातून यायची. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली. वडील नागोराव, आई शोभाबाई. हळदीचं पीक, पोटापुरतं सगळं ठीक, त्या घराला दुखणं एकच होतं. अश्विनीची मान डावीकडे झटकायची आणि घशातून 'हुप्' असा मोठा आवाज निघायचा. तीन स्थळं बघून गेली होती आणि तिन्ही कांदेपोह्यांच्या बशा अर्ध्यात ठेवून उठली होती.

पहिल्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, मला मारुतीचं वरदान आहे. गावात साखळी चोरीला गेली तरी लोक म्हणतात, अश्विनी घरी होती, चोर आला असता तर हुप् झालं असतं." आणि स्वतःच हसली, हसताना पुन्हा हुप् झालं, मग आम्ही दोघीही हसलो. जिभेला धार होती तिच्या. संमतीचा फॉर्म चोवीस पानांचा असतो, बहुतेक लोक शेवटचं पान उघडून कुठं सही करू विचारतात. तिनं चोवीस पानं वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं. मग विचारलं, "या गोळीनं माझं काय काय थांबेल?"

आठ वर्षांत मला कोणीच इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, "मान आणि हुप्. बाकी तू आहेस तशीच."

खरं उत्तर द्यायचं तर असं होतं. मेंदूत एक रसायन असतं, ते काही लोकांत उतू जातं आणि मान झटकते. गोळी दुधाखालचा गॅस बारीक करते. पण त्याच आचेवर माणसाची भूक, हौस, भांडण, गाणं सगळं शिजत असतं. गॅस फार बारीक झाला तर विझतो. हे फॉर्मच्या सतराव्या पानावर होतं, तिनं ते वाचलंही होतं. पण तिनं मला विचारलं होतं आणि मी तोंडानं वेगळं सांगितलं. ती नाही म्हणेल अशी मला भीती होती. आम्हाला पेशंट हवे होते.

प्रत्येक पेशंटला एक वही मिळायची. रोज एक ओळ: आज खोड किती, आज कसं वाटलं. अश्विनीनं पहिला आठवडा भरून आणला तो मी घरी नेऊन वाचला, इतका मजेदार होता. 'आज सतरा हुप्, त्यातले चार काकूला घाबरवायला मुद्दाम.' 'आज चिडचिड, कारण आईनं माझं पुस्तक चुलीपुढं ठेवलं.' पण लिहिताना मान झटकली की पेन सुटायचं, कागद फाटायचा, अक्षरावर अक्षर चढायचं. आमच्या कामात खाडाखोड म्हणजे पाप. एक शब्द खोडला तर त्याशेजारी सही आणि तारीख हवी. कंपनीचा तपासनीस मुंबईहून आला, त्यानं तिची वही दोन बोटांत धरून वर उचलली आणि म्हणाला, "मॅडम, यह क्या है?" एकोणीस खाडाखोडी निघाल्या.

मला लाज वाटली. माझ्या फायली जिल्ह्यात काय, विभागात नंबर एक होत्या. पुढच्या खेपेला मी नवी वही काढली आणि अश्विनीच्या हातात न देता शोभाबाईंच्या हातात दिली. सातवी शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखं. "तुम्हीच भरत जा," मी म्हणाले. अश्विनी म्हणाली, "वाटतं मला आणि लिहिणार आई?" मी म्हणाले, "तू सांग, त्या लिहितील." तिनं हातातलं पेन आईपुढं ठेवलं. गोळी सुरू होऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

पुढचे दोन महिने आमच्या दोन खोल्यांत सण होता. सुरुवातीला दहा मिनिटांत ब्याऐंशी वेळा झटकणारी मान चाळीसवर आली, मग पंधरावर, मग सहावर. डॉक्टरांनी तिचं चित्रण त्यांच्या विद्यार्थ्यांना दाखवलं. वही कोरी करकरीत, एक खाडाखोड नाही. आज खोड किती: 'कमी'. आज कसं वाटलं: 'शांत'. दुसऱ्या दिवशी 'शांत'. तिसऱ्या दिवशी 'शांत'. पानंच्या पानं. हे सगळं इंग्रजी फॉर्मवर उतरवायचं काम माझं होतं. 'शांत' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला कोणाला विचारावं लागलं नाही. मी तो शब्द प्रत्येक वेळी 'सुधारणा' या रकान्यात बसवला.

दर महिन्याला मनाविषयी प्रश्न विचारायचे असत. उदास वाटतं का, जगावंसं वाटत नाही असं होतं का. हे पेशंटला एकटीला विचारायचं असा नियम आहे. मी आईसमोर विचारले. शोभाबाई म्हणाल्या, "बरी हाय बाई. पैल्यासारखी तकलीफ न्हाई आता." अश्विनी खिडकीकडे बघत होती. मी सगळीकडे 'नाही' वर खूण केली. बाहेर चार पेशंट थांबले होते.

मग चौथं स्थळ आलं. औंढ्याकडचं, मुलाचं किराणा दुकान, माणसं चांगली. बघायला आले तेव्हा अश्विनी पाऊण तास मान खाली घालून बसली, हलली नाही. जाताना मुलाची आई म्हणाली, पोरगी गुणाची आहे, शांत आहे. सुपारी फुटली. शोभाबाई पेढे घेऊन जिना चढून आल्या, माझ्या पायाला हात लावायला वाकल्या. मी त्यांना वर उठवलं आणि पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

लग्नाला बारा दिवस उरले असताना अश्विनीची तपासणी होती. खुर्चीवर बसवलं, कॅमेरा लावला, दार ओढून घेतलं, दहा मिनिटांनी आले. संध्याकाळी चित्रण मोजायला बसले. पूर्ण दहा मिनिटं गेली आणि माझ्या कागदावर एकही रेघ नव्हती. शून्य. आठ वर्षांत पहिलं शून्य. मी प्लायवूडवाल्याकडून चहा मागवला.

नियमानं दुसऱ्यांदा मोजायचं असतं म्हणून पुन्हा लावलं. मान हलते का एवढंच बघायचं नव्हतं आता, म्हणून चेहरा दिसला. चौथ्या मिनिटाला तिच्या गालावर माशी बसली. माशी गालावरून नाकाकडे गेली, तिथून ओठावर आली, ओठाच्या कडेनं चालत राहिली. अश्विनीनं हात उचलला नाही. तोंड फिरवलं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, पावणेदोन मिनिटं माशी तिच्या तोंडावर फिरत होती. पहिल्यांदा बघताना मी मान मोजत होते, म्हणून माशी मला दिसलीच नव्हती.

चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी सकाळची पहिली एसटी पकडून त्यांच्या गावी गेले. शोभाबाई अंगणात लग्नाचे गहू निवडत होत्या. मी विचारलं, "शोभाबाई, तुम्ही वहीत शांत लिहिता. शांत म्हणजे कशी?"

"म्हंजी शांत, बाई."

"म्हणजे काय करते ती दिवसभर?"

"काय करत न्हाई. बोलत न्हाई. भांडत न्हाई. आदी चार भाकरी खायाची, आता वाडलं तर खाती, न्हाई वाडलं तर मागत न्हाई. काकू येऊन वाकडं बोलून गेली, ही नुस्ती बघून राहिली. रडत बी न्हाई. पैले किती कालवा करायची, माय." त्या हसल्या. "आता लई गुणाची झाली."

दोन महिने ती बाई मला रोज एका शब्दात हे सांगत होती. तिच्याकडून ते कौतुक होतं, तिनं काही लपवलं नव्हतं. आणि लोकांच्या तोंडचा शब्द कळण्याचा गर्व असलेली मी, त्या शब्दावर बरोबरची खूण करत होते.

अश्विनी मळ्यात विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मी शेजारी बसले. पहिल्यांदाच आम्ही दोघीच होतो. मी ते सगळे प्रश्न विचारले, जे दोन महिन्यांपूर्वी एकटीला विचारायचे होते. ती विहिरीकडे बघत सपाट आवाजात म्हणाली, "मॅडम, आधी इथं वाकून बघायची भीती वाटायची. आता वाटत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आईला विचारत होता."

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी आजपासून अर्धी, चार दिवसांनी बंद. लगेच भरती करा, एकटी सोडू नका, लग्न पुढं ढकला. डॉक्टर चुकले नाहीत, हे मी इथे स्पष्ट लिहिते. नागोरावांना बोलावलं, समजावून सांगितलं. त्या उंचपुऱ्या माणसानं सगळं ऐकून एवढंच विचारलं.

"बाई, गोळी बंद केली तर खोड परत येईल का?"

"येईल."

"कवा?"

"आठवड्याभरात."

"म्हंजी लगनाच्या आदी."

मी म्हणाले, "भाऊ, खोडीनं माणूस मरत नाही. या उदासीनं मरतो."

ते म्हणाले, "पत्रिका वाटल्या. अकरा दिस, बाई. फकस्त अकरा दिस द्या. मंग कुटं बी भरती करा." मग लगेच, "बरं, तुमी म्हणता तसं. अर्दी देतो, चौथ्या दिशी बंद करतो. पर लगनाची पोरगी दवाखान्यात न्हाई ठिवायची. तिला आमी एकटी सोडत न्हाई."

मी मान्य केलं. भरतीसाठी अडून बसायला हवं होतं, बसले नाही. आणखी एक गोष्ट. औषध बंद करायचं ठरलं की घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मोजून ताब्यात घ्यायच्या, हे आमच्या कामातलं अगदी प्राथमिक. चार दिवसांपुरत्या गोळ्या ठेवून बाकीच्या मागितल्या तर नागोराव म्हणाले, कपाटाची किल्ली माझ्या भावाकडं हाय, उद्या आणून देतो. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होता. मला फायली लावायच्या होत्या. मी 'आठवणीनं आणा' म्हणून एसटीत बसले.

पट्ट्या आल्या नाहीत. मी फोन केला, नागोराव म्हणाले, बंद केली. दोन दिवसांनी केला, शोभाबाई म्हणाल्या, बरी हाय. अश्विनीला द्या म्हटलं तर ती मेंदी लावून बसली होती.

लग्नाला मी गेले. आता लिहिते ते मी चौकशी समितीलाही सांगितलं आणि माझ्या नवऱ्यालाही, पण छापून पहिल्यांदाच येतंय. दुपारचा मुहूर्त, अक्षता पडत होत्या, अश्विनी हिरव्या शालूत उभी होती. गोळी बंद होऊन त्या हिशेबानं आठवडा झाला होता. मान झटकायला हवी होती. बँड वाजत होता, गर्दी होती, अंगावर तांदूळ पडत होते, अशा वेळी टिक जास्तच येते, हे मी शेकडो चित्रणांत पाहिलेलं. मी मंडपाच्या खांबाला टेकून दहा मिनिटं मोजलं. शून्य. ती मान झटकत नाही याचा अर्थ काय, हे त्या मांडवात फक्त मला कळत होतं. आणि मी स्वतःला म्हणाले, कधी कधी आजार आपोआप ओसरतो. म्हणाले, आज तरी राहू दे तिचं. ढाबेवाल्याचा डोळा नव्हता का थांबला! मी जेवून, आहेर देऊन घरी आले.

पाचव्या दिवशी सकाळी अश्विनीच्या मामाचा फोन आला. "बाई, अश्विनी शांत झाली."

एक क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला ते वहीतलंच वाक्य वाटलं. मी म्हणाले, "बरं." मग मामा रडायला लागले. माणूस गेला की आपल्याकडे असंही म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

ती कशी गेली ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.

अशा वेळी पाकीट उघडतात. तिला खरी गोळी होती. मग एक मोठा फॉर्म येतो, आणि त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: या घटनेचा औषधाशी संबंध आहे का? कागदावर औषध बंद होऊन बरेच दिवस उलटले होते. मधे नवं लग्न, नवं घर. कंपनीच्या माणसानं फोनवर अगदी मवाळ आवाजात सांगितलं, मॅडम, कागदावरून तर संबंध दिसत नाही. संबंध नाही असं लिहिलं की गोळीवर डाग नव्हता, माझ्या फायलीवर नव्हता, कोणाच्याच अंगावर काही येत नव्हतं. मी तो फॉर्म तीन दिवस पुढ्यात ठेवून बसले होते. मला संशय होता, पण संशय लिहायला रकाना नसतो, असं मी स्वतःला समजावत होते. आणि लिहिला असता तर मांडवातली ती दहा मिनिटंही लिहावी लागली असती.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी नागोराव जिना चढून आले. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी नाही. खुर्ची दिली तर बसले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून तीन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्ही रिकाम्या.

"तुमी बंद करा म्हणला व्हता," ते म्हणाले. "म्या केली न्हाई. तिच्या मायला बी ठावं न्हाई. लिवा."

मी पेन घेतलं. विचारायचं म्हणून विचारलं, "रोज किती दिली?"

"रोज येक. अर्दी न्हाई, आख्खी." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "हळदीच्या दिशी दोन. लगनाच्या दिशी दोन. मान हालू नई म्हून. आन सासरी जाताना उरलेली तिच्या पिशवीत ठिवली, म्हणलं, माय, ही रोज घेत जाय."

मी लिहिलं. तारखेसमोर 'दोन' लिहिलं, पुढच्या तारखेसमोर 'दोन' लिहिलं. खाली माझ्याबद्दलही लिहिलं: पट्ट्या ताब्यात घेतल्या नाहीत, प्रश्न एकटीला विचारले नाहीत, मांडवात दिसलं ते कळवलं नाही. संबंध आहे का, त्यापुढं 'आहे'. त्यांना वाचून दाखवलं. ते दोन्ही हात टेबलावर टेकून ऐकत राहिले, मग सही केली. नागोराव एवढंच, आडनाव लिहायला हात चालला नाही.

जायला वळले आणि दारातून परत आले.

"ही गोळी आजून कुनाला चालू हाय?"

"अकरा जणांना."

"समदे आपल्याच भागातले?"

"हो. पण त्यात खरी कोणाला आणि खोटी कोणाला, ते मलाही माहीत नाही."

"मंग समद्यांलाच फोन लावा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. डॉक्टर संध्याकाळी येणार होते, चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची बैठक सोमवारी होती, सगळं त्या क्रमानं करायचं असतं.

"बसलाव काहून, बाई? फोन लावा," नागोराव ओरडले. "आन मायबापाला इचारू नका. ज्याला गोळी हाय त्याला फोनवर बोलवा."

ते मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, आणि अकराही जण फोनवर येऊन स्वतःच्या तोंडानं बोलेपर्यंत तिथून उठले नाहीत.